नावाची जागा मोकळी

बेंगळुरात मल्लेश्वरमच्या बाजारात भाजी घेताना मी शक्यतो कमी बोलते. भाव ऐकायचा, मान हलवायची, पिशवी पुढं करायची. कारण तोंड उघडून "दोडका कोवळा आहे का?" एवढं कन्नडमध्ये विचारलं तरी दोडकेवाला मान वर करतो आणि म्हणतो, "काय अक्का, निवडणूक लागली का?" या बाजारात माझा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज प्रत्येकाच्या कानात जाऊन बसलेला आहे. ऑटोच्या टपावरच्या कर्ण्यातून दुपारची झोप मोडत गल्लीगल्लीतून जो जातो, तो माझा आवाज. ज्यांची झोप मोडली त्यांनी या दिवाळीत मोठ्या मनानं माफ करावं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, तुमच्या कामाविषयी दिवाळी अंकाला लिहा, फक्त राजकारण नको." आता हलवायाला साखरेचं नाव न काढता बोला म्हटलं तर तो काय बोलणार? तरी मी पक्षाचं नाव घेणार नाही. मी सगळ्याच पक्षांसाठी बोलले आहे आणि सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच पाहिलं आहे. तेव्हा कुणी आपल्या अंगावर ओढून घेऊ नये, आणि आपला पक्ष सुटला म्हणून खूशही होऊ नये.

मी निपाणीकडची. आमच्याकडं घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना जी आधी सुचेल ती. लग्न होऊन इथं आले तेव्हा आमच्या ह्यांचं लग्नकार्यांना माईक आणि कर्णे भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. बोलायला एक गृहस्थ यायचे. ते ऐन प्रचारात घसा बसून आडवे झाले, आणि हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "तू एरवी एवढी बोलतेस, आज स्वल्प तिकडं येऊन बोल." तो टोमणा होता, पण त्यातून माझी नोकरी लागली.

हे काम बाहेरून वाटतं तसं नुसतं ओरडायचं नसतं. ऑटो घरासमोरून जाईपर्यंत गॅलरीतल्या माणसाच्या कानावर जे चार शब्द पडतील, तेवढीच आपली कमाई. म्हणून जाहिरात छोटी ठेवायची आणि त्यात उमेदवाराचं नाव तीनदा आणायचं. नावाच्या आधी श्वास घ्यायचा, नाव वरच्या सुरात उचलायचं, नंतर जरा थांबायचं. गल्ल्यांसाठी कन्नड, जुन्या मराठी घरांच्या दोन-चार गल्ल्यांसाठी मराठी, आणि अपार्टमेंटवाल्यांसाठी हिंदी. एकदा सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटांसाठी मी फार जीव ओतून हिंदी केलं होतं. मागाहून कळलं, तिथं लोक काचा लावून एसीत बसतात. माझं हिंदी फक्त गेटवरच्या वॉचमननं ऐकलं, आणि त्याचं मत बिहारमध्ये होतं.

पण या धंद्यातली खरी अडचण अशी की नाव कुणालाच माहीत नसतं. अर्ज भरायची मुदत संपत आली तरी पक्षाचा उमेदवार ठरत नाही. बी फॉर्म म्हणजे 'हाच आमचा माणूस' असं सांगणारा पक्षाचा कागद. तो कुणाच्या खिशात आहे यावर शेवटच्या दुपारपर्यंत पैजा चालतात. आणि एकदा नाव ठरलं की तासाभरात ऑटो रस्त्यावर हवेत. मग आम्ही काय करतो, तर सगळी जाहिरात आधीच बोलून ठेवतो आणि नावाची जागा मोकळी सोडतो. तिथं नुसती शांतता. हिला आम्ही मोकळी प्रत म्हणतो. इच्छुकांची नावं वेगळी बोलून ठेवायची आणि तिकीट जाहीर झालं की ज्याला मिळालं त्याचं नाव त्या जागेत बसवायचं. कर्णे तपासायला म्हणून ऑटोवाल्यांकडं मोकळी प्रत दोन दिवस आधीच देऊन ठेवलेली असते.

या नावांपायी मी काय काय पाहिलं. एक इच्छुक भटजींना घेऊन आले. त्यांचं नाव मी अमुक वेळेलाच उच्चारायचं होतं, आणि मुहूर्त साधताना बाहेर दूधवाल्यानं घंटी वाजवली म्हणून पुढचा मुहूर्त येईपर्यंत सगळे कॉफी पीत बसलो. दुसऱ्या एकानं आपलं नाव झकास म्हणून घेतलं, मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "अक्का, त्या दुसऱ्याचं नाव जरा दम लागल्यासारखं म्हणता येईल का?" तो दुसरा आदल्या दिवशी येऊन हेच सांगून गेला होता. तिकीट दोघांनाही मिळालं नाही, तिसऱ्याच पक्षातून आदल्या आठवड्यात आलेल्या माणसाला मिळालं. पहिल्यानं नंतर माझ्याकडून आपल्या नावाचा तुकडा मागून नेला आणि फोनच्या रिंगटोनला लावला. अजून कुठं लग्नात भेटला आणि त्याचा फोन वाजला की माझाच आवाज त्याला प्रचंड मतांनी निवडून द्यायला सांगतो.

हे सगळे पाहुणे झाले. माझ्या खोलीत घरच्यासारखी येणारी एकच, ती पद्मक्का.

पद्मक्काच्या घराण्याला बेंगळुरात पाच पिढ्या झाल्या. तिचं मराठी ऐकून आमच्या पुण्याच्या जावेनं एकदा मला विचारलं होतं की ही कुठली भाषा म्हणून. पण वॉर्डातली अशी गल्ली नाही जिथं तिला हाक मारत नाहीत. रेशनकार्ड अडलं, टँकर आला नाही, म्हाताऱ्याला हॉस्पिटलात खाट मिळत नाही, शाळा पोराला घेत नाही, की पद्मक्का. पक्षाची सभा असली की खुर्च्या मांडायला पद्मक्का, आणि पुढारी उशिरा आले की लोकांना धरून बसवायला पद्मक्काच. प्रत्येक निवडणुकीत पक्षानं दिलेला मजकूर घेऊन ती माझ्याकडं यायची, शेजारी स्टुलावर बसायची आणि गल्ल्यांची, म्हणजे इथल्या भाषेत क्रॉसांची, नावं दुरुस्त करायची.

"अग, त्या क्रॉसला आता तसं म्हणत नाहीत. देवळाचा क्रॉस म्हण. आणि स्वल्प हळू, म्हातारी माणसं राहतात तिथं."

इतक्या वर्षांत ती नेहमी दुसऱ्याचंच नाव घेऊन आली. मी चिडवायचे, "पद्मक्का, तुझं कधी म्हणू?" ती म्हणायची, "आधी हे म्हण. ह्यांना घाई आहे."

आणि पालिकेच्या एका निवडणुकीला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला.

त्या दिवशी बाजारात तिकीट कुणाला मिळणार हे विचारायची कुणाला गरजच वाटत नव्हती. पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष गोविंदप्पा स्वतः मजकूर घेऊन आले. मजकूर कन्नडमध्ये, पण सार असा: तुमच्या घरची मुलगी, तुमच्याच गल्लीतली, अर्ध्या हाकेला धावून येणारी, आपली लाडकी अमुक, हिला निवडून द्या. वाचल्यावर मला हसू आलं. नाव लिहिलेलं नव्हतं एवढंच, बाकी ती पद्मक्काच होती. गोविंदप्पा म्हणाले, "नियम म्हणून जागा मोकळी ठेवा. पण तिचं नाव आजच बोलून टाका."

पद्मक्का स्टुलावर बसली होती. मी माईकसमोर उभी राहिले आणि नेहमीसारखा श्वास घेऊन म्हटलं, "श्रीमती पद्मावती."

"ही कोण?" ती म्हणाली. "आमच्या क्रॉसला पद्मावती कुणालाच ठाऊक नाही. पद्मक्का म्हण."

मी पद्मक्का म्हटलं. तीनदा, तीन तऱ्हांनी. ह्यांनी हेडफोन पुढं केला, तर तिनं हात मागं घेतला. "बेडा, आता नको. मिळालं की ऐकीन." आणि पदरानं घाम पुसून उठली. आयुष्यभर दुसऱ्यांची कामं मागत फिरलेल्या या बाईला स्वतःसाठी काही हवं आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिलाही ते नवीनच असावं, कारण जाताना ती चपला उलट्या घालून गेली.

मग मुलाखत झाली. पक्षाच्या मोठ्या कचेरीत वॉर्डावॉर्डांतले इच्छुक आपापल्या माणसांना घेऊन आले होते. काहींनी ढोल आणले होते. पद्मक्काबरोबर तिचे यजमान होते, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, अत्यंत अबोल. आत बाहेरगावचे तीन निरीक्षक बसलेले. काय विचारलं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"जात विचारली. सांगितली. खर्च किती कराल विचारलं. म्हटलं, चालत जाईन, चपला झिजतील तेवढा. मग म्हणाले, यजमान काय करतात?"

"काय सांगितलंस?"

"सकाळी दूध आणतात म्हटलं. खोटं कशाला बोलू?"

"आणि वॉर्डातल्या कामाचं?"

"ते विचारलं नाही ग कुणी."

मी हसले, तीही हसली. पण हसून झाल्यावर ती बराच वेळ टेबलावरची वायर सरळ करत बसली.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी बी फॉर्म आला. त्यावर नाव होतं हर्षिताचं. ही एका मोठ्या पुढाऱ्याची धाकटी सून, राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला. आमच्या वॉर्डाशी तिचा संबंध काय, याचा शोध गोविंदप्पांनी बराच घेतला. शेवटी असं निघालं की लग्नाच्या साड्या तिनं मल्लेश्वरमात घेतल्या होत्या.

वॉर्डात जे झालं ते हसण्यासारखंही होतं आणि रडण्यासारखंही. पक्षाची कचेरी ज्याच्या शेडमध्ये होती त्यानं तिला आपलं कुलूप घातलं. खुर्च्या ज्याच्या होत्या तो खुर्च्या घेऊन गेला. पत्रकं वाटणाऱ्या बायकांना एकाच दिवशी गुडघेदुखी झाली. चार तरुण पद्मक्काच्या दारात जाऊन बसले, अपक्ष उभी राहा म्हणून. तिनं त्यांना उप्पीट खाऊ घातलं आणि मुदत संपेपर्यंत बसवून ठेवलं.

आणि संध्याकाळी ती गोविंदप्पांबरोबर माझ्या खोलीत आली. नेहमीसारखी स्टुलावर बसली. हर्षिताचं नाव कसं म्हणायचं ते मला सांगायला.

मला राग आला होता. पक्षाचा आला, गोविंदप्पांचा आला, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त पद्मक्काचा आला. मी म्हटलं, "तुला काही वाटत नाही का ग?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "पण हरलो तर टँकरवाला माझं ऐकणार नाही. चल, लाव. स्वल्प नीट म्हण, नवीन पोर आहे."

गोविंदप्पा भिंतीच्या गादीकडं बघत उभे होते. त्यांनीही पद्मक्काचंच नाव वर पाठवलं होतं, आणि वरून उत्तर आलं होतं की वरचे बघून घेतील. वरच्यांच्याही वर कोण असतं, ते त्यांना आयुष्यभर कळलं नाही. मी हर्षिताचं नाव बोलून दिलं, पण रात्री तिच्या सासऱ्यांच्या कचेरीतून निरोप आला की नावापुढं घराण्याचंही नाव हवं. म्हणजे पुन्हा सगळं सकाळी.

सकाळी मी नवी प्रत करत होते, आणि तिकडं गोविंदप्पांना घाई. त्यांनी आमच्या नागराजला, म्हणजे जुन्या ऑटोवाल्याला, फोन केला, "तू आधी निघ रे, उमेदवार जीपमधून निघाल्यासुद्धा." नागराज निघाला. त्याच्याकडं होती ती मोकळी प्रत.

मला कळलं ते गोविंदप्पांच्या दुसऱ्या फोनवरून. "अक्का, पेन ड्राइव्ह घेऊन पळत या. बाजारात गोंधळ झालाय." मी तशीच निघाले. गल्लीच्या तोंडाशीच माझा आवाज ऐकू आला.

"तुमच्या घरची मुलगी, तुमच्याच गल्लीतली, अर्ध्या हाकेला धावून येणारी, आपली लाडकी..."

आणि शांतता. त्या शांततेत कोपऱ्यावरची फुलवाली, हातातला मोगऱ्याचा गजरा न सोडता, सहज शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "पद्मक्का."

"...हिला निवडून द्या," कर्णा म्हणाला.

पुढच्या खेपेला फुलवालीबरोबर नारळवाला होता. त्याच्या पुढच्या खेपेला गॅलरीतून दोन म्हाताऱ्या आणि इस्त्रीवाला. मग गल्लीच त्या जागेची वाट बघायला लागली. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी चिडलेलं नव्हतं. सगळे हसत होते आणि जागा आली की आपापल्या जागेवरून, काम न थांबवता, एकाच वेळी नाव म्हणत होते. काय झालं ते नागराजला केव्हाच कळलं होतं. पण त्यानं कर्णा बंद करायचं सोडून ऑटो आणखी हळू केला.

मागून उघडी जीप येत होती. हर्षिता हात जोडून उभी, चेहऱ्यावर ऊन आणि गोंधळ. मुलगी वाईट नव्हती. उभी राहतेस का, असं तिलाही बहुधा कुणी विचारलं नसावं. जीपच्या बाजूनं पत्रकं वाटत पद्मक्का चालली होती. हर्षितानं खाली वाकून तिलाच विचारलं, "आंटी, ही पद्मक्का कोण?"

पद्मक्का म्हणाली, "आहे इथलीच एक."

मग तिनं पत्रकं गोविंदप्पांच्या हातात दिली, पुढं जाऊन ऑटोत नागराजशेजारी बसली आणि माईक हातात घेतला. कर्णा फिरून त्याच शब्दांवर आला, "आपली लाडकी..." आणि त्या जागेत पद्मक्काचा आवाज आला, "हर्षिता."

गल्ली गप्प झाली. फुलवालीनं गजऱ्याकडं मान खाली घातली. पुन्हा जागा आली, पुन्हा पद्मक्का म्हणाली, "हर्षिता." प्रत्येक वेळी नाव वरच्या सुरात, आधी श्वास, नंतर जरासं थांबणं. सगळं माझ्याच खोलीत स्टुलावर बसून शिकलेलं. मी नवा पेन ड्राइव्ह मुठीत धरून फुलवालीच्या शेजारी उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऑटो जवळ आल्यावर मी तो नागराजकडं दिला. पद्मक्का उतरली आणि मला म्हणाली, "उशीर केलास ग."

हर्षिता निवडणुकीत पडली. वरून विचारणा झाली की कार्यकर्त्यांनी मनापासून काम का केलं नाही. खुलासा मागायला गोविंदप्पांनाच पद्मक्काकडं पाठवलं होतं. तिनं त्यांना कॉफी दिली, त्यांनी ती प्यायली, आणि खुलासा झाला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पालिकेची मुदत संपली, पालिकेचे तुकडे झाले, वॉर्डांच्या रेषा पुन्हा आखल्या गेल्या, निवडणूक मात्र येते येते म्हणत अजून यायचीच आहे. आमचे हे आता नाहीत. माझा आवाज वरच्या सुरात जाऊन तिथं डगमगतो. काम सोडलं असं मी सगळ्यांना सांगते. तरी गेल्या महिन्यात गोविंदप्पा काठी टेकत आलेच. "मोकळी प्रत तेवढी करून ठेवा. या वेळेला वरचे म्हणतायत, काम करणाऱ्यालाच तिकीट." हे सांगताना त्यांनाच हसू आलं आणि मग खोकला.

त्यांच्या मागून दोन दिवसांनी पद्मक्का आली. केस सगळे पांढरे झालेत, पायऱ्या एकेक करून चढते. नव्या रेषेनं तिची गल्ली एका वॉर्डात आणि बाजार दुसऱ्यात टाकलाय. स्टुलावर बसून तिनं नव्या मजकुरातल्या गल्ल्यांची नावं दुरुस्त केली. मी विचारलं, "अर्ज करणार का?"

"नाही ग. आता कुणी बोलावलं तर जाते, तेवढं पुरे." जरा वेळानं म्हणाली, "ते माझं म्हटलेलं, ते आहे का अजून? की पुसलंस?"

मी कधीच पुसलं नव्हतं. जुनी जाहिरात शोधली आणि तिचं नाव तीनही जागी बसवलं. ह्यांच्यासारखं मला सफाईनं जमत नाही, पण जमलं. हेडफोन पुढं केला. या वेळेला तिनं घेतला. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. घरची मुलगी, आपल्याच गल्लीतली, पद्मक्का. मग हेडफोन काढून सावकाश टेबलावर ठेवला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण ती फुलवाली तुझ्यापेक्षा चांगलं म्हणत होती."